चहा-भाकरी आणि रक्त

आपल्या अंगातले रक्त तांबडे का असते? कारण त्यात लोह असते. लोह म्हणजे लोखंडच. मोठ्या माणसाच्या अंगात सगळे मिळून ३ ते ४ ग्रॅम लोह असते, म्हणजे एका खिळ्याएवढे. पण तेवढ्यावर सगळे चालते. रक्तात बारीक बारीक तांबड्या पेशी असतात. त्यांत लोह असलेला एक पदार्थ असतो, त्याला हिमोग्लोबिन म्हणतात. आपण श्वास घेतो त्यातला प्राणवायू हे हिमोग्लोबिन धरते आणि हातापायाला, डोक्याला नेऊन पोचवते. बैलगाडीतून पोती नेतात ना, तसे. गाड्या कमी पडल्या की माल पोचत नाही. मग माणूस लवकर दमते, चढाला धाप लागते, वर्गात बसल्या बसल्या झोप येते. बाई म्हणतात लक्ष नाही. पण अंगात रक्तच नसले तर लक्ष कुठून राहणार?

रक्त कमी आहे हे कसे ओळखावे? डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून आरशात पाहावे. आत लाल पाहिजे. फिकी पांढरी दिसली तर दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावे. आपल्याएवढ्या मुलांचे हिमोग्लोबिन निदान ११.५ आणि बायांचे १२ पाहिजे. आणखी एक खूण आहे. रक्त कमी असले की काही जणांना माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. आमच्या वर्गात पण पेन्सिल खाणारे आहेत. नावे लिहीत नाही. त्यांना सगळे हसतात, घरी मार पण बसतो. मारून ती खोड जात नाही. औषध दिले आणि रक्त वाढले की पुष्कळदा आपोआप जाते.

सरकारने २०१९ ते २०२१ या वर्षांत पाहणी केली होती. तेव्हा महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० बायांत ५४ जणींना रक्त कमी निघाले. निम्म्याहून जास्त! बाळंतपणात बायांचे रक्त जाते हे एक कारण आहेच. पण मला दुसरेही दिसते. पुष्कळ घरी आधी पुरुष आणि पोरे जेवतात, बाया मागून बसतात. तोवर भाजी संपलेली असते. मग भाकरी, ठेचा आणि पातेल्याच्या बुडाचा रस्सा. विचारले तर म्हणतात, मला चालतंय. चालतंय कसे? रान त्याच खुरपतात, पाणी त्याच आणतात. सगळे एकदम जेवायला बसले तर त्याला पैसे पडत नाहीत.

आता चहाचे. आपल्याकडे सकाळी चहा-भाकरी खातात. बाजरीच्या भाकरीत लोह चांगले असते. पण चहात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. तो पोटात लोहाला धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. भाकरी खाल्ली तरी तिच्यातले बरेचसे लोह फुकट जाते. म्हणून चहा प्यायचाच असेल तर जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर प्यावा. आजी म्हणते चहाशिवाय भाकरी उतरत नाही, तिला ताक द्यावे.

लिंबाचे काम चहाच्या उलटे. लिंबू, आवळा, पेरू यांत क जीवनसत्त्व असते, त्याने लोह जास्त शोषले जाते. म्हणून माठ, राजगिरा, शेवग्याचा पाला अशा भाजीवर जेवताना लिंबू पिळावे. मटकी रात्रभर भिजत घालून फडक्यात बांधली की मोड येतात. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसते, मोड आल्यावर तयार होते. उसळ लोखंडी कढईत केली तर कढईचे पण थोडे लोह उतरते. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, नाही तर जीवनसत्त्व पाण्याबरोबर जाते. बीट तांबडे असते म्हणून त्याने रक्त होते असे लोक म्हणतात. तो नुसता रंग आहे, त्यात लोह थोडेच असते. जे मटण खातात त्यांना त्यातले लोह लवकर लागू पडते, काळजातले तर जास्तच.

खाल्लेले रक्त जंत पण पितात. अंकुशकृमी नावाचा जंत ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. म्हणून परसाकडे उघड्यावर बसू नये आणि चप्पल घालावी. जंताची गोळी शाळेत देतात ती चावून खावी, खिशात ठेवू नये.

लोहाच्या गोळ्या आठवड्याला एक असतात. पहिली ते पाचवीला गुलाबी आणि सहावीपासून निळी. काही मुले ती खिडकीतून टाकतात, कारण दुसऱ्या दिवशी शौचाला काळे होते आणि ती भितात. ते उरलेले लोह असते, त्याने काही होत नाही. गोळी रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते. खिचडी खाऊन झाल्यावर पाण्याबरोबर घ्यावी, चहाबरोबर नाही.

– इयत्ता चौथी