नालायक मुलाचा शोक

काइल क्लेटन हा पंधरा वर्षांचा मुलगा कुणालाच आवडत नाही. वर्गातल्या पोरांना नाही, शिक्षकांना नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही नाही. तोंड उघडलं की शिवी. गाणी आवडत नाहीत, सिनेमे आवडत नाहीत, माणसं तर नाहीतच. अँड्र्यू नावाचा एक मित्र आहे, त्यालाही तो हिडीसफिडीस करतो. डोक्यात चोवीस तास अश्लील चित्रांशिवाय दुसरं काही नाही. आणि एके रात्री, खोलीत एकटाच असताना, लैंगिक उत्तेजनेच्या एका धोकादायक प्रकारात तो चुकून गुदमरून मरतो. बाहेरून घरी आलेला बाप दार उघडतो तेव्हा सगळं संपलेलं असतं.

‘वर्ल्ड्‌स ग्रेटेस्ट डॅड’ या 2009 सालच्या अमेरिकी सिनेमाची खरी गोष्ट इथून सुरू होते. लेखक-दिग्दर्शक बॉबकॅट गोल्डथ्वेट. बापाच्या, म्हणजे लान्स क्लेटनच्या भूमिकेत रॉबिन विल्यम्स आणि मुलाच्या भूमिकेत डॅरिल सबारा, ‘स्पाय किड्स’मधला तोच गोंडस पोरगा. लान्स मुलाच्याच शाळेत कविता शिकवतो. वर्गात मुलं इतकी कमी की विषयच बंद पडायची वेळ आली आहे. लिहिलेल्या कादंबऱ्यांना प्रकाशक मिळालेला नाही, आणि सहकारी शिक्षकाचं लेखन मात्र पहिल्या फटक्यात ‘न्यूयॉर्कर’मध्ये छापून येतं. असा हा बाप मुलाचा मृतदेह पाहतो, रडरड रडतो आणि मग मुलाची लाज झाकण्यासाठी तो प्रसंग आत्महत्येसारखा मांडतो. मुलाच्या नावाने एक चिठ्ठीही लिहून ठेवतो.

चिठ्ठी शाळेच्या अंकात छापली जाते आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहतं. ज्याला काल कुणी विचारत नव्हतं तो काइल रातोरात हळवा, समजूतदार, अकाली गेलेला प्रतिभावंत ठरतो. लान्सला आयुष्यात पहिल्यांदा वाचक मिळालेले असतात, फक्त ते मुलाच्या नावाने. मग तो काइलची अख्खी रोजनिशी लिहून काढतो.

एवढं कथानक ऐकून कुणीही विचारील की यात हसायचं कुठे? समीक्षकांपुढेही हाच प्रश्न होता, आणि त्यांनी त्याचं उत्तर कसं दिलं हे नीट पाहण्यासारखं आहे. जानेवारी 2009 मध्ये सनडान्स महोत्सवात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला आणि ऑगस्टमध्ये अमेरिकेत मोजक्या चित्रपटगृहांत लागला. त्याआधीच, जुलैमध्ये, तो मागणीनुसार घरी पाहण्याच्या सेवेवर आला होता. छोट्या सिनेमांसाठी तेव्हा ही वाट नवी होती. अमेरिकेतल्या तिकीटबारीवर त्याला अडीच लाख डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. विल्यम्ससारख्या नटाच्या सिनेमासाठी ही रक्कम जवळपास शून्यच.

समीक्षा मात्र चांगल्या आल्या. परीक्षणं एकत्र करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’वर दहापैकी जवळपास नऊ समीक्षकांचा कौल सिनेमाच्या बाजूने आहे. हा आकडा वाचताना आपली एक गफलत होते. तो परीक्षेतल्या गुणांसारखा नसतो. किती जणांना सिनेमा ‘एकंदरीत बरा’ वाटला, एवढंच तो सांगतो. कुणी भारावून जाऊन लिहिलेलं परीक्षण आणि कुणी नाइलाजाने ‘ठीक आहे’ म्हटलेलं परीक्षण, दोन्हींची किंमत तिथे एकच. ‘मेटाक्रिटिक’ हे दुसरं संकेतस्थळ परीक्षणांना गुण देऊन त्यांची सरासरी काढतं, आणि तिथे हाच सिनेमा शंभरात सत्तरच्या आसपास थांबतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं. बहुतेकांना सिनेमा आवडला, पण पुष्कळांना तो काहीतरी राखून ठेवून आवडला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विल्यम्सचा आणखी एक सिनेमा आला, ‘ओल्ड डॉग्ज’. विषय पुन्हा बापपणाच. आपल्याला जुळी मुलं आहेत हे उशिरा कळलेला मध्यमवयीन माणूस आणि त्याचा मित्र, पडणं-धडपडणं, शेवटी डोळे ओले. समीक्षकांनी तो सपाटून झोडपला आणि सर्वांत वाईट चित्रपटाच्या रॅझी पुरस्कारासाठीही त्याला नामांकन मिळालं. तरी जगभरात त्याने साडेनऊ कोटी डॉलरहून जास्त कमावले. बाप म्हणून विल्यम्स लोकांना हवा होता, पण तो ‘मिसेस डाउटफायर’मधला हवा होता. मुलीसाठी साडी नेसणाऱ्या ‘चाची 420’वरून आपण ज्याला ओळखतो तोच हा बाप. मुलांवर जीव टाकणारा, आणि मुख्य म्हणजे जीव टाकावा अशी मुलं असलेला.

लान्सची मुख्य अडचण इथेच आहे, आणि माझ्या मते सिनेमाचा गाभाही हाच. बहुतेक परीक्षणांनी सिनेमाच्या धाडसाचं कौतुक केलं. विल्यम्सने स्वतःला किती आवरून धरलंय, प्रसिद्धीच्या हव्यासावर किती झणझणीत भाष्य आहे, असं लिहिलं गेलं. ते खरं आहे. पण धाडस हा सिनेमाचा वरचा पापुद्रा आहे. आत एक अगदी साधा, अवघड प्रश्न आहे: ज्या मुलाचं कौतुक करण्यासारखं काहीच नव्हतं, त्याच्यासाठी बापाने रडायचं तरी कसं? गुणी मुलगा गेला तर समाजाकडे शब्द तयार असतात. शाळेत शोकसभा होते, चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो, चार माणसं आठवणी सांगतात. नालायक मुलगा गेला तर त्याच चार माणसांची मनातल्या मनात सुटका होते, आणि बापाला ते दिसत असतं. लान्स खोटं लिहितो त्यामागे पुढे महत्त्वाकांक्षा येते, यात शंका नाही. पण पहिली चिठ्ठी तो लिहितो ती मुलासाठी. लोकांनी आपल्या मुलासाठी रडावं एवढंच त्याला त्या रात्री हवं असतं.

याचा पुरावा सिनेमातच आहे, एका छोट्या प्रसंगात. मुलगा गेल्यानंतर लान्स एका वृत्तपत्रविक्रेत्याच्या टपरीपाशी येतो. समोर मासिकं मांडलेली असतात, त्यांत अश्लील मासिकंही. त्यांवर नजर जाते आणि हा माणूस कोसळतो, ढसाढसा रडू लागतो. मुलाची आठवण यावी अशी वस्तू म्हणून दुसऱ्या बापांना क्रिकेटची बॅट दिसते, सायकल दिसते, शाळेचं दप्तर दिसतं. या बापाला ही मासिकं दिसतात, कारण मुलाने मागे ठेवलेलं आवडीचं जगच तेवढं होतं. विक्रेता बिचारा त्याला धीर देतो. (ही भूमिका निर्वाणा बँडच्या क्रिस्ट नोव्होसेलिचने केली आहे.) प्रेक्षक आधी हसतो, मग त्याला हसण्याची चोरी होते. अश्लील मासिकांसमोर रडणारा माणूस हास्यास्पद दिसतो आणि त्याच क्षणी त्याचं दुःख शंभर टक्के खरं असतं. काळ्या विनोदाला जे साधायचं असतं ते या मिनिटभरात साधलं आहे. इथे विल्यम्स एक भुवईसुद्धा जास्त हलवत नाही.

मराठी प्रेक्षकाला मरणाशी असलेलं विनोदाचं हे सख्य परकं वाटू नये. सतीश आळेकरांचं ‘महानिर्वाण’ 1974 मध्ये रंगभूमीवर आलं, त्यात भाऊराव मरतो आणि मेल्यावरच कीर्तनकाराच्या थाटात बोलू लागतो. बायको, मुलगा नाना, चाळकरी, तिरडीची लगबग, आणि या सगळ्यांत आपल्या दहनाबद्दल हट्ट धरून बसलेला मृत बाप. दोन्हींत बाप-लेक आहेत, दोन्हींत शोकाचे विधी आणि त्यांतला पोकळपणा आहे. फरक असा की भाऊरावाला मेल्यावरही स्वतःचं म्हणणं मांडता येतं. काइलला ती सोय नाही. त्याच्या वतीने सगळे जण बोलतात, आणि प्रत्येक जण त्याच्याबद्दल वेगळं बोलतो. संगीताचा तिटकारा असलेला हा मुलगा मरणानंतर गायक ब्रूस हॉर्न्सबीचा चाहता ठरतो आणि समारंभाला खुद्द हॉर्न्सबी हजर होतो. हा खोटेपणा फक्त अँड्र्यूच्या लक्षात येतो. काइल असं लिहूच शकत नाही हे त्याला माहीत असतं, कारण खऱ्या काइलचा सहवास त्या एकट्यानेच सोसलेला असतो.

सिनेमाच्या दुसऱ्या भागाबद्दल मात्र माझीही तक्रार आहे. शाळेतली पोरं काइलचे बिल्ले लावून फिरतात, दुःखाची फॅशन होते. हे टीकेचे बाण थोडे सोपे आहेत. गाण्यांवर बेतलेले तुकडेही जास्त झाले आहेत. जिथे लान्सच्या चेहऱ्यावर थांबायला हवं तिथे गाणं येऊन प्रसंग पुढे ढकलतं. टीव्हीवरच्या मुलाखतीचा प्रसंग याला अपवाद. मुलाबद्दल बोलता बोलता लान्सला हसू फुटतं, ते दाबता दाबता त्याचा चेहरा असा पिळवटतो की पाहणाऱ्यांना तो हुंदका वाटतो. एका चेहऱ्यावर हसू आणि रडू एकाच वेळी धरून ठेवणं हे विल्यम्सचं जन्माचं कौशल्य. इथे ते त्याने लोकांना रिझवण्यासाठी वापरलं नाही, म्हणून ते अंगावर येतं.

मेलेल्या मुलाच्या नावाने खोटं लिहिण्याची हीच कल्पना पुढे एका मोठ्या यशात दिसली. ‘डिअर इव्हान हॅन्सन’ या संगीतिकेत एक एकाकी मुलगा आत्महत्या केलेल्या वर्गमित्राचा जिवलग असल्याचं नाटक करतो, बनावट ई-मेल लिहितो, आणि त्याभोवती मोठी चळवळ उभी राहते. 2017 मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह सहा टोनी पुरस्कार तिला मिळाले. 2021 साली तिचा सिनेमा झाला तेव्हा मात्र बहुतेक समीक्षक उलटले. कॅमेरा जवळ आला तसं त्या मुलाचं वागणं त्यांना खुपू लागलं, आणि कथा त्याला फार स्वस्तात माफ करते असं त्यांनी म्हटलं. गोल्डथ्वेटने हा धोका सुरुवातीलाच ओळखला होता. आपला नायक लबाडी करतोय हे तो एका क्षणासाठीही लपवत नाही. खोटेपणा विनोदात मांडल्यामुळे त्याच्याकडे जास्त प्रामाणिकपणे पाहता येतं.

मग 11 ऑगस्ट 2014 उजाडला. वयाच्या 63व्या वर्षी रॉबिन विल्यम्सने कॅलिफोर्नियात आत्महत्या केली. त्या दिवसापासून या सिनेमाची समीक्षा पहिल्यासारखी राहिली नाही. पाच वर्षांपूर्वी ज्याकडे कुणी फिरकलं नव्हतं तो सिनेमा लोक शोधून पाहू लागले. शेवटाकडे लान्सच्या तोंडी एक विचार आहे, की एकटं उरणं वाईट नाही, आपल्याला एकटं वाटायला लावणाऱ्या माणसांत उरणं त्याहून वाईट. हे वाक्य विल्यम्सच्या फोटोसह, त्याचं स्वतःचं मनोगत म्हणून, जगभर फिरलं आणि आजही फिरतं. ते लिहिलंय गोल्डथ्वेटने. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तर ‘अलादिन’मधल्या जिनीचं चित्र टाकून आता तू मुक्त झालास अशा अर्थाची श्रद्धांजली वाहिली. मरण म्हणजे सुटका असं सुचवणारी ही भाषा घातक आहे, अशी हरकत आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या तज्ज्ञांनी घेतली, आणि ती रास्त होती.

जगाला हसवणारा आतून रडत होता, ही गोष्ट सगळ्यांना इतकी पटली की तिच्यापुढे वैद्यकीय सत्य मागे पडलं. शवविच्छेदनात मेंदूला लेवी बॉडी आजाराने किती ग्रासलं होतं ते दिसलं. त्याची पत्नी सुझन हिने 2016 मध्ये ‘न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या शेवटच्या महिन्यांबद्दल सविस्तर लिहिलं: भीती, झोप उडणं, संवाद पाठ न होणं, कशामुळे हे होतंय ते न कळणं. एका माणसाच्या आजाराची खरी हकिकत उपलब्ध असताना लोकांनी सिनेमातलं वाक्य त्याची चिठ्ठी म्हणून वाटून घेतलं. काइलचं शाळेने जे केलं तेच हे.

म्हणून 2014 नंतरच्या लेखनात या सिनेमाला विल्यम्सचं भाकीत म्हणून वाचलं जातं ते मला अन्यायाचं वाटतं. यात मेलेला माणूस विल्यम्स नाही, काइल आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायला हवं. समीक्षक रॉजर ईबर्टने 2009 मध्ये चारपैकी तीन तारे देताना म्हटलं होतं की हे कथानक याहून जास्त काळं होऊ शकलं असतं. त्याचं म्हणणं उपरोधापुरतं पाहिलं तर बरोबर आहे. पण आणखी काळा सिनेमा लान्सला शेवटपर्यंत लबाड ठेवून संपला असता. गोल्डथ्वेट त्याला शाळेच्या ग्रंथालयाला काइलचं नाव देण्याच्या समारंभात उभा करतो, आणि जमलेल्या सगळ्यांसमोर लान्स सांगून टाकतो की चिठ्ठी माझी, रोजनिशी माझी, मुलगा अपघाताने गेला, तो हुशार नव्हता, चांगलाही नव्हता आणि तरी माझं त्याच्यावर प्रेम होतं. टाळ्या वाजवायला आलेली माणसं त्याच्यावर उखडतात. ज्या मवाळपणाची काही समीक्षकांना अडचण झाली तो याच जागी आहे, आणि मला तो मवाळपणा वाटत नाही. मुलाचा खरा शोक करायला लान्सला अख्खा सिनेमा लागला आहे, आणि त्याची किंमत म्हणून त्याचे सगळे वाचक एका मिनिटात गेले आहेत.