शिखराआधीचं रान

हरिश्चंद्रगडावर जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोकणकडा पाहिलात का?’ दुसरा, ‘तारामतीवर गेलात की नाही?’ ‘मधलं रान कसं होतं?’ असं मला तरी आजवर कुणी विचारलेलं नाही. खरं सांगायचं तर या डोंगरात माणसाची परीक्षा कड्यावर होत नाही आणि शिखरावरही होत नाही. ती होते मधल्या रानात.

१९९३ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आम्ही चौघे मित्र खिरेश्वरहून निघालो. तोलार खिंडीत दगडात कोरलेल्या वाघाला हात लावला, वरचा कातळटप्पा चढलो आणि ‘आता गड आलाच’ असं एकमेकांना सांगू लागलो. नवखा माणूस फसतो तो इथंच. कातळ संपला की लहानलहान टेकड्या सुरू होतात. एक चढा, उतरा, की दुसरी हजर! मध्ये डोक्याहून उंच कारवी. त्यात धुकं उतरलं, आणि दहा पावलांवरचा सोबती दिसेनासा झाला.

एके ठिकाणी वाट फुटली. आम्ही अर्थातच रुंद, मळलेली वाट धरली. अर्ध्या तासात तिच्या तीन वाटा झाल्या, आणि पुढे तिन्ही कारवीत विरून गेल्या. दिवस कलला होता. बॅटरी एकच, तीही भिजलेली. हाका मारून घसा बसला. शेवटी गुरांच्या घंटा ऐकू आल्या आणि मागोमाग घोंगडीची खोळ पांघरलेले एक वृद्ध बाबा दिसले. आमची कहाणी ऐकून ते म्हणाले, ‘‘आरं, ही ढोरवाट हाये. ढोरं चारा दिसंल तिकडं जात्यात. तुम्ही त्यांच्या मागं कशापायी गेला?’’

या प्रश्नाला आमच्यापैकी एकाही पदवीधराकडे उत्तर नव्हतं.

बाबांनी मंदिरापर्यंत सोडताना जे सांगितलं, ते मी अजून विसरलेलो नाही. ढोरवाट फुटत जाते. माणसांची वाट कुठंतरी पोचते. त्या वाटेवर कुणी दगडावर दगड ठेवलेले असतात, पावलांनी घासून गुळगुळीत झालेले कातळ असतात. खूण दिसेनाशी झाली तर पुढे रेटू नये. शेवटची खूण जिथं दिसली, तिथं परत यावं. रानात माथा दिसत नाही. आपल्या सह्याद्रीत झाडी वाढते ती माती आणि ओल धरणाऱ्या घळींत, उतारांवर. वाऱ्याने झोडपलेले माथे बहुधा गवताळ नाहीतर बोडके. म्हणजे शिखर दिसू लागतं तेव्हा अवघड भाग बऱ्याचदा मागे पडलेला असतो.

या रानाला १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून संरक्षण मिळालं. पण इथल्या महादेव कोळी घरांचं त्याच्याशी नातं त्याहून कितीतरी जुनं आहे. हिरडा गोळा करायचा तो याच रानात. सात वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कारवीच्या काठ्यांचे कूड करून, वर शेणमाती लिंपून घरं उभी राहिली. आपण ज्याला ‘मधला कंटाळवाणा टप्पा’ म्हणतो, तो कुणाचातरी संसार आहे.

काही वर्षांपूर्वी लेकीला घेऊन पाचनईच्या सोप्या वाटेने गडावर गेलो. तारामतीच्या चढावर निम्म्यात असताना धुकं दाटलं. तीन वाजले होते. मी म्हटलं, ‘‘परत फिरू.’’

‘‘बाबा, एवढं आल्यावर?’’ तिचे डोळे भरून आले. खाली उतरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. मंदिरापाशी गरम पिठलं-भाकरी समोर आली तेव्हा कुठं तिचा राग जरा निवळला. मलाही चुटपुट लागलीच होती. पण कारवीतली ती संध्याकाळ मला आठवत होती, तिला नव्हती.

पुढच्या जानेवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी पाचनईचा वाटाड्या सोबत होता. तारामती साडेचार हजार फुटांहून उंच. हवा स्वच्छ होती. आजोबा, रतनगड आणि पार मागे कळसूबाई, सगळी मंडळी ओळीने उभी! मी नावं सांगत होतो, पण लेक खाली पाहत होती. म्हणाली, ‘‘बाबा, आपण मागच्या वेळी कुठून परत फिरलो?’’ मी बोट दाखवलं. वरून ती जागा अगदी जवळ दिसत होती, आणि तिच्या पलीकडे उतार तुटत गेला होता. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली.

तेव्हा मंडळी, मुलांना डोंगरावर जरूर न्या. गावातला माणूस सोबत घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या. परतीची वेळ घरूनच ठरवून निघा. आणि ती वेळ झाली, की शिखर कितीही जवळ असो, मुलांचा रुसवा पत्करा. तो पिठल्या-भाकरीने जातो.