दोन दिवसांचे फळ

पुण्याहून दिवेघाट चढून वर गेले, की पुरंदर तालुक्याचा मुलूख लागतो. येथे पाऊस बेताचा आणि हवा कोरडी असते. अशा हवेत अंजिराच्या बागा चांगल्या पोसतात. सासवडच्या आसपास पिकणाऱ्या या अंजिरांचा लौकिक मोठा असून, २०१६ साली पुरंदरच्या अंजिरास भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. उन्हाळ्यात ‘मीठा बहार’ आला, की जांभळट सालीची, मऊ आणि मधुर अंजिरे टोपल्यांत पाने पसरून बाजारात येतात.

परंतु या फळाचे आयुष्य फारच थोडे आहे. त्याची साल पातळ, गर मऊ आणि रस गोड असतो. पिकलेले अंजीर झाडावरून उतरविले, की एक-दोन दिवसांतच ते पाझरू लागते व आंबते. एखाद्या दिवशी गाडी चुकली किंवा बाजारात भाव कोसळला, तर वर्षभर राबून पिकविलेले फळ शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत टोपलीतच नासते. असे हे दोन दिवसांचे फळ वर्षभर टिकविता येईल काय? येते. त्याचा एक सोपा उपाय म्हणजे अंजिराचा जॅम होय.

जॅम आणि मुरंबा ही भावंडेच आहेत. मुरंब्यात फळाच्या फोडी पाकात मुरतात व शाबूत राहतात. जॅममध्ये गर आणि साखर शिजून एकजीव होतात. दोहोंच्या टिकण्यामागील तत्त्व मात्र एकच आहे. ते जाणून घेण्यापूर्वी या फळाची थोडी ओळख करून घेऊ.

क्वचितच भेटणाऱ्या माणसाला आपण ‘उंबराचे फूल’ म्हणतो. अंजीर हे उंबर, वड आणि पिंपळ यांच्याच कुळातील झाड आहे. त्याचीही फुले बाहेरून दिसत नाहीत. कारण ज्याला आपण फळ म्हणतो, त्याच्या पोटातच ती दाटीने फुललेली असतात. अंजीर खाताना दाताखाली जे बारीक कण कुरकुरतात, ते त्या फुलांपासूनच झालेले असतात. या फळाच्या पाच भागांपैकी सुमारे चार भाग पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यत्वे साखर असते. पाणी आणि साखर एकत्र आली, की ती जशी आपल्याला आवडतात, तशीच सूक्ष्म जंतूंनाही आवडतात. यीस्ट, बुरशी आणि जिवाणू त्यांवर तुटून पडतात. फळ नासते ते यामुळेच.

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. १७९५ साली फ्रान्सच्या सरकारने अन्न टिकविण्याची नवी रीत शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले. निकोला अपेर नावाच्या एका मिठाईवाल्याने अनेक वर्षे प्रयोग केले. अन्न बाटलीत भरून, बूच घट्ट बसवून, ती बाटली उकळत्या पाण्यात ठेवली, तर अन्न नासत नाही, असे त्याला आढळले. १८१० साली त्याला बारा हजार फ्रँकांचे बक्षीस मिळाले. पण अन्न का टिकते, हे त्यालाही सांगता आले नाही. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने नासण्यामागे सूक्ष्म जंतू असतात हे सिद्ध केले, तेव्हा अपेरच्या बाटलीचे कोडे उलगडले.

जॅमच्या बरणीवर चार पहारेकरी असतात: साखर, आंबटपणा, उष्णता आणि घट्ट झाकण. प्रत्येकाचे काम वेगळे आहे. ते कसे, हे आता कृतीबरोबरच पाहू.

एक किलो पिकलेली पण न फुटलेली अंजिरे घ्यावीत. ती धुवून, पुसून त्यांचे देठ कापून टाकावेत. देठातून येणाऱ्या पांढऱ्या चिकाने हाताला खाज सुटते, म्हणून हात लगेच धुवावेत. अंजिरांचे बारीक तुकडे करून जाड बुडाच्या पातेल्यात घालावेत. त्यांत साडेसातशे ग्रॅम साखर मिसळून पातेले तासभर झाकून ठेवावे. थोड्याच वेळात तुकडे रसात बुडालेले दिसतील. आपण तर पाण्याचा थेंबही घातलेला नसतो! मग हा रस आला कोठून? साखरेने तो फळातून ओढून घेतलेला असतो. जॅममध्ये शिरलेल्या जंतूचीही हीच गत होते. साखर त्याच्या अंगातील पाणी शोषून घेते आणि त्याची वाढ खुंटते. हा झाला पहिला पहारेकरी.

आता चार कागदी लिंबांचा रस, म्हणजे सुमारे चार मोठे चमचे, त्यात घालावा. अंजीर हे अतिशय कमी आंबट फळ आहे. आंबटपणा पुरेसा नसेल, तर बंद बरणीत हवेवाचून वाढणारे काही जंतू अत्यंत घातक विष निर्माण करू शकतात. लिंबाचा रस त्यांना थारा देत नाही. शिवाय फळात पेक्टिन नावाचे एक द्रव्य असते; आंबटपणा आणि साखर यांची जोड मिळाली, तरच ते जॅमला घट्टपणा आणते. म्हणून लिंबू हे केवळ चवीसाठी आहे, असे समजून ते गाळू नये.

यापुढे पातेले चुलीवर चढते. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. कारण उकळता पाक अंगावर उडाला, तर तो चिकटून राहतो आणि पाण्यापेक्षा अधिक भाजतो. मिश्रण मध्यम आचेवर सतत ढवळावे. जॅम झाला हे कसे ओळखावे? येथे थोडे गणित उपयोगी पडते. एक किलो अंजिरांत सुमारे दोनशे ग्रॅम घन अंश असतो. त्यात साडेसातशे ग्रॅम साखर मिळविली, की साडेनऊशे ग्रॅम झाले. चांगल्या जॅममध्ये घन अंश दोन तृतीयांश असावा लागतो. म्हणजे सारा जॅम सुमारे एक किलो चारशे ग्रॅम भरला पाहिजे. आरंभी पातेल्यात अठराशे ग्रॅम ऐवज होता. तेव्हा सुमारे चारशे ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले पाहिजे. समुद्रसपाटीच्या गावी या वेळी जॅमची उष्णता सुमारे १०५ अंश सेल्सिअस असते. पुण्यासारख्या उंचावरील गावी ती सुमारे दोन अंशांनी कमी भरते, कारण तेथे पाणीच लवकर उकळते. उष्णतामापक नसेल, तर थंड बशीत जॅमचा थेंब टाकावा आणि तो निवल्यावर त्यातून बोटाने रेघ ओढावी. दोन्ही कडा पुन्हा मिळाल्या नाहीत, तर जॅम झाला.

काचेच्या बरण्या व त्यांची झाकणे आधीच स्वच्छ धुवावीत आणि बरण्या दहा मिनिटे पाण्यात उकळून गरमच ठेवाव्यात. थंड काचेत उकळता जॅम ओतला, तर काच तडकते. वर अर्धा सेंटिमीटर जागा सोडून जॅम भरावा, बरणीची कड पुसावी, झाकण लावावे आणि ती भरलेली बरणी उकळत्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवावी. पातेल्याच्या तळाशी फडके घालावे, म्हणजे बरणी फुटत नाही. अपेरची रीत ती हीच! उष्णतेने आतील जंतू मरतात आणि पुष्कळशी हवा बाहेर पडते. बरणी निवली, की झाकण किंचित आत खेचले जाते. मग नवी हवा नाही आणि नवे जंतूही नाहीत.

बरणीवर तारीख लिहून ती थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवावी. असा जॅम वर्षभर टिकतो. बरणी एकदा उघडली, की चौथा पहारेकरी रजेवर गेला असे समजावे. त्यानंतर ती शीतकपाटात ठेवावी आणि कोरड्या चमच्यानेच जॅम काढावा. लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू नये, असे घरातील वडील माणसे सांगतात, ते उगीच नव्हे. ओल्या चमच्याबरोबर पाणी आत जाते, त्या जागी साखर पातळ होते आणि बुरशीला पाय ठेवावयास जागा मिळते. बुरशी दिसली, तर वरचा थर काढून उरलेला जॅम खाण्याचा मोह धरू नये. तिची मुळे व तिचे विष डोळ्यांना न दिसता खोलवर गेलेले असू शकते.

काही जणांना कमी गोड जॅम आवडतो. तो अवश्य करावा. मात्र तेथे एक पहारेकरी दुबळा झाला, हे विसरू नये. असा जॅम शीतकपाटातच ठेवावा आणि थोड्याच दिवसांत संपवावा. स्वयंपाकघरातील नियम कोणता शत्रू अडवितो, हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो केव्हा व किती बदलावा हे कळते. हे ज्ञान असले, की उन्हाळ्यात भाव पडला तरी अंजिराची टोपली उकिरड्यावर जात नाही. दिवाळीच्या थंडीत ती पोळीबरोबर ताटात येते.