हाराजुकू : तारुण्याची साडेतीनशे मीटरांची गल्ली

जपानला जाऊन आलेली मंडळी सहसा फुजी पर्वत, क्योतोची मंदिरे, बुलेट ट्रेन आणि हिरोशिमा यांविषयी लिहितात. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र टोकियोतील एक अरुंद गल्ली आहे. तिचे नाव ताकेशिता-दोरी. ‘दोरी’ म्हणजे रस्ता. हाराजुकू भागातील ही गल्ली जेमतेम साडेतीनशे मीटर लांब. सणासुदीच्या दिवसांत आपल्या मंगळबाजारातून वाट काढणाऱ्या बडोदेकरास तेथील गर्दी मुळीच अनोळखी वाटणार नाही. परंतु गेली सुमारे पन्नास वर्षे जपानी तरुणांच्या वेशभूषेची ही प्रयोगशाळा मानली जाते. २०२३ च्या ऑक्टोबरात एका वैद्यकीय परिषदेच्या निमित्ताने टोकियोस जाणे झाले, तेव्हा एक रविवार आम्ही उभयतांनी या परिसरात घालवला. तेथे स्थायिक झालेल्या एका मराठी स्नेह्यांची महाविद्यालयीन कन्या वाटाड्या आणि दुभाषी म्हणून सोबत होती.

हाराजुकू स्थानकाच्या एका अंगास मेइजी सम्राटाचे देवस्थान आहे, तर दुसऱ्या अंगास ही गल्ली. देवस्थानाची स्थापना १९२० सालची. त्याभोवतीचे सुमारे सत्तर हेक्टरांचे वन आज अगदी नैसर्गिक अरण्य भासते. प्रत्यक्षात ते देशभरातील नागरिकांनी अर्पण केलेल्या सुमारे एक लाख झाडांतून मुद्दाम उभे केलेले आहे. त्या गंभीर शांततेतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की काही मिनिटांतच कानठळ्या बसवणारे संगीत आणि गुलाबी, जांभळ्या, पोपटी रंगांची दुकाने समोर येतात. १९२४ साली बांधलेले जुने लाकडी स्थानक २०२० मध्ये निवृत्त झाले असून आता तेथे काचेची नवी इमारत आहे.

देवस्थानाच्या शेजारी तरुणांचा बाजार कसा वसला, याचा इतिहास मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लगतच्या योयोगी भागात अमेरिकन लष्करी कुटुंबांची ‘वॉशिंग्टन हाइट्स’ नामक वसाहत उभी राहिली. या कुटुंबांना लागणारी खेळणी आणि भेटवस्तू विकणारी दुकाने देवस्थानाकडे जाणाऱ्या ओमोतेसांदो या प्रशस्त रस्त्यावर निघाली आणि पाश्चात्त्य राहणीचा वारा प्रथम या भागास लागला. १९६४ च्या ऑलिंपिकसाठी ती वसाहत रिकामी होऊन तेथे क्रीडाग्राम झाले. पुढे त्याच जागी योयोगी उद्यान आले. सत्तरच्या दशकात तरुणींसाठी निघालेल्या सचित्र नियतकालिकांनी हाराजुकूची ख्याती देशभर पसरवली.

याच दशकाच्या उत्तरार्धात रविवारी येथील हमरस्ता वाहनांना बंद ठेवून पादचाऱ्यांना मोकळा करण्याची प्रथा पडली. या मोकळ्या रस्त्यावर १९८० च्या सुमारास ‘ताकेनोको-झोकु’, म्हणजे ‘बांबूच्या कोंबांची टोळी’ अवतरली. ताकेनोको हे ताकेशिता-दोरीवरील एका कपड्यांच्या दुकानाचे नाव. तेथील झगमगते, ढगळ कपडे घालून शेकडो मुलेमुली कॅसेट प्लेअरभोवती रिंगण धरून नाचत. नंतर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची पथके आली. गर्दी आणि गोंगाटाच्या तक्रारी वाढत गेल्या आणि १९९८ साली हा रविवारचा मोकळा रस्ता कायमचा बंद झाला.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९९७ मध्ये, शोइची आओकी या छायाचित्रकाराने ‘फ्रूट्स’ नावाचे मासिक सुरू केले होते. त्यात व्यावसायिक मॉडेल नसत. रस्त्यावरील मुलामुलींचीच छायाचित्रे असत आणि खाली त्यांचे वय, व्यवसाय व कोणता कपडा कोठला याची नोंद असे. त्यांतील कित्येक कपडे जुन्या बाजारातून घेतलेले किंवा स्वतः शिवलेले असत. हे मासिक २०१७ मध्ये बंद पडले. छायाचित्र घ्यावे अशी मुले आता रस्त्यावर दिसत नाहीत, असे कारण आओकी यांनी दिले.

आम्हासही त्याचा प्रत्यय आला. क्रेपच्या दुकानांपुढे रांगा होत्या. मऊ धिरड्यासारख्या या पदार्थात मलई आणि फळे गुंडाळून देतात. इंद्रधनुषी रंगांच्या ‘म्हातारीच्या केसांचे’ अवाढव्य गोळे घेऊन पर्यटक छायाचित्रे काढत होते. शालेय सहलीची मुले घोळक्याने हिंडत होती. परंतु ज्या वेशभूषेसाठी हाराजुकू जगप्रसिद्ध झाले, ती धारण केलेली माणसे तासाभरात चार-पाचच दिसली.

त्यांतील एका तरुणीशी बोलणे झाले. केसांत रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या डझनावारी क्लिपा, गळ्यात माळांचे थर, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. या शैलीस ‘डेकोरा’ म्हणतात. माझ्या पत्नीने छायाचित्राची परवानगी विचारली, तेव्हा तिने कमरेत लवून होकार दिला. ही तरुणी व्यवसायाने परिचारिका निघाली! रुग्णालयात केस घट्ट बांधलेले, नखे कापलेली, अंगावर एकही दागिना नाही. “रुग्णांसाठी ते योग्यच आहे,” ती म्हणाली, “पण महिन्यातून दोन दिवस मला मी दिसायला हवी.”

तिच्या या वाक्याचा अर्थ समजण्यासाठी जपानी शाळांची शिस्त ठाऊक हवी. ओसाका प्रांतातील एका विद्यार्थिनीस तिचे तपकिरी केस काळे रंगवण्याची सक्ती झाली. तिच्या म्हणण्यानुसार तो रंग जन्मजात होता. २०१७ साली ती न्यायालयात गेली. २०२१ च्या निकालात न्यायालयाने केसांचा नियम वैध ठरवला. मात्र वर्गातून तिचे बाक हलवणे आणि यादीतून तिचे नाव वगळणे बेकायदा मानून ३ लाख ३० हजार येनची भरपाई दिली. टोकियो महानगर प्रशासनाच्या शाळांनी काळ्या केसांची सक्ती २०२२ मध्ये सोडली. सोमवार ते शनिवार असे साच्यात वावरणाऱ्या मुलांना रविवारी एक गल्ली लाभली होती. तेथे ती कोणास उपद्रव देत नव्हती. केवळ वेगळी दिसत होती. ‘लोलिता’ शैलीच्या मुली तर गळ्यापासून घोट्यापर्यंत झालरींच्या कपड्यांत झाकलेल्या असतात. तो साज परक्यांच्या नजरेसाठी नसून स्वतःसाठी व मैत्रिणींसाठी असतो, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या दवाखान्यात केव्हा ना केव्हा रंगवलेल्या केसांचा एखादा मुलगा आणि त्याचे चिंतातुर आईवडील आलेले असतील. “डॉक्टर, याचे डोके फिरले आहे का?” अशा वेळी मी केसांविषयी बोलत नाही. झोप लागते का, जेवण नीट आहे का, मित्र आहेत का, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी अजून आवडतात का, हे विचारतो. पालकांना क्षणभर बाहेर बसवून, जीव नकोसा वाटतो का, हेही मुलाला सरळ विचारतो. या प्रश्नांची उत्तरे ठीक असतील, तर केसांच्या रंगास औषध नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. उत्तरे ठीक नसतील, तर केस काळे करून घेतल्याने आजार बरा होत नाही. टोकियोहून परतल्यापासून पालकांना मी आणखी एक प्रश्न विचारू लागलो आहे : आठवड्यातून एखादा दिवस आपल्या मनासारखे राहता येईल, अशी जागा या मुलाला घरात किंवा गावात कोठे आहे?