नाशिकरोडला उतरल्यावर

बाहेरगावचे पाहुणे नाशिकरोड स्टेशनात उतरतात आणि लगेच पंचवटीची रिक्षा धरतात. इथं पाहण्यासारखं काय, असं विचारलंच तर लोक मुक्तिधाम सांगतात. सांगावंच. मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराचं मंदिर, भिंतींवर गीतेचे अठरा अध्याय, बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती, आणि स्टेशनपासून जवळ.

पण आमच्या गावाची खरी ओळख भिंतींआड आहे. आपली टपाल तिकिटं पूर्वी लंडनहून छापून यायची. १९२६ पासून ती इथल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाऊ लागली, १९२८ पासून नोटाही. आत जाता येत नाही. पण तिथली एखादी नोट तुमच्या खिशात असेलही.

दुसरी भिंत जेलरोडची. १९३३च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, अवघ्या पाच दिवसांत. माझ्या अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं. शाळेत असताना रात्री मी तिला हे पुस्तक वाचून दाखवायचो, अडेल तिथं उर्दूत समजावून. ओढणीनं डोळे पुसत ती म्हणायची, ‘हमारी अम्मा भी ऐसीच थी.’

तरी पाहुण्यांच्या यादीत तुरुंगाचं नाव नसतं. आत सोडत नाहीत हे खरं, पण बाहेरच्या रस्त्यानं एक चक्कर मारायला कोण अडवतंय? माझ्याकडे कुणी आलं की संध्याकाळी मी त्यांना तिकडं नेतो. बरोबर मुलं असली, तर पुस्तकही पिशवीत घेतो.