टक्का तोच, पण जागा किती? वैद्यकीय प्रवेशाचं प्रादेशिक गणित

आरक्षणाची चर्चा आपल्याकडे टक्क्यांवरच थांबते. अनुसूचित जातींना राज्यात १३ टक्के, हे आपल्याला पाठ असतं. पण हे १३ टक्के किती जागांचे आणि त्या जागा कुठे आहेत, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वैद्यकीय प्रवेशाच्या उदाहरणातून हे समजून घेऊ.

शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या १०० जागा असतील तर १५ अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ राज्याकडे उरतात. त्यांचे १३ टक्के म्हणजे साधारण ११ जागा. सप्टेंबर २०२० पर्यंत राज्यात यावर आणखी एक चाळणी होती, ७०:३० सूत्राची. राज्याचे तीन भाग होते: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. प्रत्येक भागातल्या ७० टक्के जागा तिथल्याच विद्यार्थ्यांना, ३० टक्के सगळ्या राज्याला खुल्या. म्हणजे त्या ११ पैकी सात-आठ स्थानिकांच्या.

हेतू चांगला होता. स्थानिक मुलगा डॉक्टर झाला तर तो आपल्या भागात राहील, ही अपेक्षा होती. पण मराठवाड्यात तेव्हा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं चारच: औरंगाबाद, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर. जिल्हे मात्र आठ. मुळात जागा कमी, त्यामुळे स्थानिक हिस्साही कमी. बाहेरच्या भागांत जायचं तर फक्त ३० टक्क्यांत धडपड. नियम सगळ्यांना सारखा होता, जमीन सारखी नव्हती. ८ सप्टेंबर २०२० रोजी तत्कालीन वैद्यकीय शिक्षण मंत्री अमित देशमुख यांनी हे सूत्र रद्द झाल्याचं विधिमंडळात जाहीर केलं.

त्यानंतर जागाही वाढल्या. धाराशिव, परभणी आणि २०२४ मध्ये जालना, हिंगोली इथे शासकीय महाविद्यालयं सुरू झाली. आज मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत एक तरी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ते याच विचाराने: जिथे मुलं आहेत तिथे शिक्षण गेलं पाहिजे.

मग प्रश्न संपला का? नाही. दार उघडलं, पण दारापर्यंत जायला भाडं लागतं. प्रवेशाच्या दिवसांत आम्ही विहारात मुलांचे अर्ज भरायला बसतो. चांगले गुण असलेली मुलगी पसंतीक्रमात जवळची दोन-तीनच महाविद्यालयं टाकते. कारण विचारलं तर वडील म्हणतात, "मुंबईला राहायचं कुठं?" कागदावर सगळं राज्य तिला खुलं आहे, प्रत्यक्षात तिचं राज्य एसटीच्या दोन तासांपुरतंच.

म्हणून काही गोष्टी आत्ताच करा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच करा, निकालाची वाट पाहू नका. पसंतीक्रम भरताना भीतीने महाविद्यालयं वगळू नका. समाजकल्याणच्या वसतिगृहाचा अर्ज करा. तिथे प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. मात्र ही रक्कम पहिल्या दिवशी खात्यात येत नाही. सुरुवातीच्या खोलीभाड्याची आणि खानावळीची सोय वस्तीने मिळून केली, तर एक जागा वाया जाणार नाही.

आणि कार्यकर्त्यांनी आता मागणीची भाषाही बदलायला हवी. नव्या महाविद्यालयाची घोषणा झाली की टाळ्या वाजवून घरी जायचं नाही. तिथे प्राध्यापक किती आले, वसतिगृहात खाटा किती, त्यात मुलींसाठी किती, हे विचारायचं. टक्का संविधानाच्या आधाराने मिळाला आहे. त्या टक्क्यामागची जागा, खोली आणि जेवणाचं ताट मात्र आपल्याला दरवर्षी मागून घ्यावं लागणार आहे.

जय भीम!