जाळाविना चूल : इंडक्शन शेगडीची निवड

शेगडीची खरेदी हा काय व्याख्यानाचा विषय झाला, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. परंतु दुकानात जाऊन शेगडी पसंत करणारा गृहस्थ एक आणि तिच्यापुढे रोज दोन-तीन तास उभी राहणारी व्यक्ती दुसरी, असा प्रकार पुष्कळ घरांतून घडतो. आणि मग दोन महिन्यांत ती नवी कोरी शेगडी माळ्यावर जाते. दोष शेगडीचा नसतो, निवडीचा असतो.

ही शेगडी तापते कशी, ते आधी पाहिले पाहिजे. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या धातूत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे मायकेल फॅरेडे याने १८३१ साली दाखविले. आपल्या शेगडीत काचेखाली तांब्याच्या तारेचे एक चपटे वेटोळे असते. घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावे घेते. शेगडीतील यंत्रणा हे हेलकावे सेकंदाला वीस हजारांहून अधिक करून त्या वेटोळ्यात सोडते. त्यामुळे वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात. लोखंडात हे प्रवाह बुडाच्या अगदी पातळ थरात कोंडले जातात, त्यांना मोठा विरोध होतो आणि बूड तापते. तांबे, पितळ, ॲल्युमिनियम यांतून ते सहज वाहतात, म्हणून त्यांत पुरेशी उष्णता निर्माण होत नाही. थोडक्यात, येथे शेगडी तापत नाही, भांडे तापते. काच तापते ती भांड्याच्या संगतीने.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी एक चुंबक घ्यावा आणि घरातील भांडी तपासावीत. बिडाचा तवा व लोखंडी कढई यांना तो चिकटेल. पण गोल बुडाच्या कढईचा सपाट काचेवर उपयोग नाही. ॲल्युमिनियमचा जुना कुकर, कल्हईचे पितळी पातेले बाद. स्टीलच्या भांड्यांत मात्र गंमत आहे : एकाच मांडणीवरची दोन पातेली दिसायला सारखी, पण एकाला चुंबक चिकटतो आणि दुसऱ्याला नाही. न चिकटणाऱ्यात बहुधा निकेलचे प्रमाण अधिक असते. निम्मी भांडी नापास झाली, तर त्यांची किंमत शेगडीच्या किमतीत मिळवावी, म्हणजे खरा आकडा कळेल.

दुसरी तपासणी भिंतीवरची. ओट्याजवळ मिक्सरसाठी बसविलेले सॉकेट बहुधा ६ अँपिअरचे असते. २३० व्होल्टवर त्यातून १३८० वॅटच घेता येतात. २००० वॅटची शेगडी जवळजवळ ९ अँपिअर ओढते. तिला १६ अँपिअरचे सॉकेट, त्याला साजेशी जाड तार आणि उत्तम अर्थिंग हवेच. पिन बसत नाही म्हणून मध्ये अडॅप्टर लावून काम भागविणे म्हणजे भिंतीतल्या तारेलाच शेगडी बनविणे होय. जुन्या वाड्यात किंवा चाळीत राहणाऱ्यांनी आधी तारतंत्र्याला बोलवावे, मग दुकानदाराकडे जावे.

खर्चाचा हिशेब घरी करता येतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिट विजेइतकी उष्णता असते. गॅसवर तिच्यातील साठ टक्के भांड्यात उतरते आणि इंडक्शनवर विजेतील पंच्याऐंशी टक्के उतरते असे धरले, तर एक सिलिंडर म्हणजे १२५ ते १३० युनिट. आता आपला वीजदर लावून पाहावा. मात्र दर टप्प्याटप्प्याने चढतो, हे विसरू नये. ही वाढीव युनिटे वरच्या टप्प्यात पडतात, आणि ‘इंडक्शन स्वस्त’ हे विधान एका घरी खरे तर शेजारच्या घरी खोटे ठरते.

वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. दोन चुलींच्या अनेक शेगड्यांत एकूण ताकद दोघींत वाटली जाते. त्याहून महत्त्वाचा आहे वेटोळ्याचा व्यास, आणि तो खोक्यावर क्वचितच छापतात. काचेवरचे वर्तुळ मोठे आणि आतले वेटोळे लहान, असेही असते. मग दहा इंची तव्यावर भाकरी मध्ये करपते व कडेला कच्ची राहते. बाकी भाकरी वा फुलका जाळावर फुगविणे आणि भरिताचे वांगे भाजणे ही कामे येथे होणारच नाहीत. त्यांच्यासाठी, आणि वीज गेली तर, गॅसची एक चूल ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात कोणाच्या छातीत पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

खरी परीक्षा मंद आंचेची. लोणी कढविणे, खीर आटविणे, वरणाला नुसती धग देणे, यांत स्वस्त शेगडी उघडी पडते. सर्वांत कमी आकड्यावर ती सतत मंद चालत नाही. काही सेकंद जोरात चालते, काही सेकंद बंद राहते. दूध खाली लागते ते यामुळे. तेव्हा जो रोज स्वयंपाक करतो त्यालाच दुकानात न्यावे, घरचे पातेले बरोबर घ्यावे आणि त्यात दोन पेले पाणी घालून, एकदा उकळवून, शेगडी सर्वांत खालच्या आकड्यावर पाच मिनिटे चालवून दाखवावयास सांगावी. पाणी एकसारखे हलके हलत राहिले तर ठीक. एकदा उसळून एकदा निपचित होत असेल, तर ती शेगडी चहापुरती.